पोर्ट लुईची शांतिराणी

हिंदी महासागरातून मॉरिशस बेटाकडे येणाऱ्या जहाजाला पोर्ट लुई हे राजधानीचे शहर दिसण्यापूर्वी त्याच्या पाठीशी उभे असलेले डोंगर दिसू लागतात. अंगठ्यासारखा वर आलेला पूस, माथ्यावर एक प्रचंड धोंडा तोलून धरलेला पीटर बोथ, आणि बंदराच्या अगदी कुशीला येऊन बसलेला, ह्या दोघांहून पुष्कळच ठेंगणा असा सिग्नल माउंटन. उंची उणीपुरी हजार फूट. परंतु बंदराच्या इतिहासात ह्या ठेंगण्या डोंगराला जो मान मिळाला तो त्या दोन उंच शेजाऱ्यांच्या वाट्यास कधीही आला नाही. समुद्रावर शीड दिसले की ह्याच डोंगरावरून खालच्या शहराला निशाणांनी खूण केली जाई. जहाज मित्राचे की शत्रूचे, व्यापारी की लढाऊ, हे शहराला प्रथम ह्या डोंगराकडून कळे. त्याचे नावच मुळी त्यामुळे पडले.

ह्या डोंगराच्या उतारावर, शहराच्या छपरांवरून नजर थेट बंदरापर्यंत पोहोचेल अशा जागी, १९४० साली शुभ्र संगमरवराची एक मूर्ती उभी राहिली. तिची उंची सुमारे दहा फूट. फ्रेंच भाषेत तिचे नाव 'मारी रेन द ला पे', म्हणजे शांतीची राणी मारिया. मूर्तीकडे पायऱ्यांनी चढून जावे लागते, आणि उतारावर एकावर एक अशा फुलझाडांच्या बागा आहेत. ह्या स्थानाचे सारे वैभव उघड्यावर आहे. वरती आकाश, पाठीमागे डोंगर, पुढे शहर आणि शहरापलीकडे समुद्र. मुंबईच्या श्रोत्यांना वांद्र्याच्या टेकडीवरची मोतमावली सहज आठवेल. तिच्याही समोर समुद्र आहे, आणि तिच्याही पायऱ्या चढणारे सगळेच काही ख्रिस्ती नसतात. परंतु मोतमावलीची परंपरा कित्येक शतकांची, तर पोर्ट लुईची ही मारिया एका विशिष्ट वर्षाच्या भीतीतून जन्माला आली. ती भीती कोणती होती, आणि जिच्यापुढे ती सांगितली गेली तिच्या डोळ्यांदेखत पुढे काय काय घडले, हाच ह्या स्थानाचा खरा इतिहास होय.

पोर्ट लुईच्या लोकांना समुद्राकडे धास्तीने पाहण्याची सवय फार जुनी आहे. बेट मुळात निर्मनुष्य होते. १५९८ साली डच आले, त्यांनी आपल्या मॉरिस राजपुत्राचे नाव बेटाला दिले, आणि १७१० साली कंटाळून ते निघून गेले. १७१५ साली फ्रेंचांनी बेट घेतले. १७३५ साली गव्हर्नर म्हणून आलेल्या माहे द ला बूर्दोने ह्याने ह्या बंदराला खऱ्या अर्थाने राजधानीचे रूप दिले. गोदी, रुग्णालय, पाण्याचे पाट ही त्याची कामे. ती करणाऱ्या हातांत आफ्रिका व मादागास्कर येथून आणलेल्या गुलामांचे हात होते, तसेच पाँडिचेरीकडून आणलेल्या हिंदी कारागिरांचेही होते. तेव्हापासून ह्या बेटावर जे जे आले ते समुद्रावाटेच आले. धान्य, माणसे, साथी, सैन्ये आणि वादळेसुद्धा.

समुद्रावर डोळा ठेवण्याच्या ह्या छंदातून एक विलक्षण मनुष्य निर्माण झाला. एत्येन बोतिनो नावाचा एक साधा फ्रेंच नोकर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात असा दावा करू लागला की, क्षितिजाच्या पलीकडे असलेली जहाजे, दुर्बिणीतून दिसण्याच्याही कित्येक दिवस आधी, आपल्याला केवळ हवेतील छटांवरून ओळखता येतात. त्याच्या भाकितांवर पैजा लागत, आणि त्याने त्या पुष्कळदा जिंकल्याही. ही विद्या विकण्यासाठी तो पॅरिसला गेला, परंतु तेथे कोणी तिला किंमत दिली नाही. त्याच्या दाव्यात तथ्य किती हा शास्त्रज्ञांचा प्रश्न आहे. मात्र असला दावा जगातील दुसऱ्या कोणत्या गावात कोणी इतक्या गांभीर्याने ऐकून घेतला असता, असे वाटत नाही. जेथे क्षितिजावरच्या एका ठिपक्यावर उद्याचे जेवण आणि परवाचे राज्य अवलंबून असते, तेथेच असल्या माणसाला श्रोते मिळतात.

१८१० च्या अखेरीस क्षितिजावर आलेले आरमार इंग्रजांचे होते, आणि त्या वेळी भाकिताची आवश्यकता उरली नव्हती. बेट इंग्रजांच्या हाती गेले. शरणागतीच्या अटींमध्ये मात्र एक अट अशी होती की, तिच्यावाचून पुढचा कोणताही इतिहास समजणार नाही. रहिवाशांचा धर्म, कायदे व चालीरीती जशाच्या तशा राहतील, हे इंग्रजांनी मान्य केले. त्यामुळे प्रॉटेस्टंट राजाच्या निशाणाखाली कॅथॉलिक प्रजा, इंग्रजी दप्तराच्या शेजारी फ्रेंच कायदा, अशी मोठी चमत्कारिक व्यवस्था येथे रुजली. पुढे रोमने नेमलेले बिशप बहुधा इंग्रज किंवा आयरिश असत, आणि प्रवचने मात्र फ्रेंच भाषेत होत.

सिग्नल माउंटनच्या उतारावरून पाहिले असता शहराच्या मध्यभागी दुसरी एक लहानशी टेकडी दिसते. तिच्यावर काळ्या दगडाचा किल्ला आहे. इंग्रजांनी तो १८३४ ते १८४० ह्या काळात बांधला आणि राजा चौथा विल्यम ह्याच्या राणीवरून त्याला फोर्ट अ‍ॅडलेड असे नाव दिले. ह्या किल्ल्याच्या पाठीशी असलेली भीती समुद्राकडची नव्हती. गुलामगिरी बंद करण्याचा विचार लंडनमध्ये पक्का होत होता, आणि १८३२ साली जॉन जेरेमी नावाचा गुलामगिरीविरोधी कायदेपंडित सरकारी अधिकारी म्हणून पोर्ट लुईला उतरला, तेव्हा मळेवाल्यांनी सारे शहर बंद पाडून त्याला काही आठवड्यांतच परत जाण्यास भाग पाडले. सरकारला हा धडा पुरेसा होता. शहराच्या ऐन मध्यावर चढविलेला हा किल्ला शहरावर वचक ठेवण्यासाठीही होता, हे कोणालाच लपविता आले नाही. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली. मळेवाल्यांना नुकसानभरपाई म्हणून सुमारे वीस लाख पौंड मिळाले. ज्यांचे खरोखर नुकसान झाले होते त्यांना एक पैदेखील मिळाली नाही; उलट आणखी चार वर्षे त्यांना जुन्याच मालकांकडे उमेदवारीच्या नावाखाली राबावे लागले.

ह्या मुक्त झालेल्या, परंतु निराधार माणसांकडे लक्ष देणारा मनुष्य १८४१ च्या सप्टेंबरात बंदरात उतरला. झाक-देझिरे लावाल हा नॉर्मंडीचा डॉक्टर. चांगली चाललेली वैद्यकी सोडून तो धर्मगुरू झाला होता. त्याने क्रिओल बोली आत्मसात केली, गोऱ्यांच्या बैठकींपासून तो दूर राहिला, आणि कालपर्यंत ज्यांना माल म्हणून मोजले जाई त्यांच्याच वस्तीत त्याने आपले आयुष्य घालविले. त्यांच्यातूनच त्याने धर्मशिक्षक तयार केले, लहान लहान प्रार्थनागृहे उभी केली. १८५४ साली पटकीने शहर पछाडले, तेव्हा ह्या माणसाची वैद्यकी आणि धर्म ही दोन्ही एकदमच कामास आली. ९ सप्टेंबर १८६४ रोजी तो वारला. शहराच्या उत्तर भागात, सेंत-क्रुआ येथे त्याची समाधी आहे. दरवर्षी ८ सप्टेंबरच्या रात्री बेटाच्या कानाकोपऱ्यातून लोक पायी चालत तेथे येतात, आणि त्यांत हिंदू व मुसलमानही असतात. पोर्ट लुईच्या कॅथॉलिक जीवनाचे असे दोन ध्रुव आहेत: डोंगरावर उंच मूर्ती, आणि सखल भागात एका माणसाची समाधी. दोहोंपैकी लोकांच्या अधिक जिव्हाळ्याची कोणती, हा प्रश्न तेथे कोणी विचारीत नसावे. परंतु समाधी जुनी आहे आणि तिच्याकडे जाताना चढावे लागत नाही.

गुलाम सुटले तेव्हा उसाच्या मळ्यांना नवी माणसे हवी झाली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' नावाचे जहाज छत्तीस हिंदी मजूर घेऊन आले. त्यानंतर सुमारे साडेचार लाख माणसे करारावर सही करून, अर्थात बहुधा अंगठा देऊन, ह्या बंदरात उतरली. कलकत्ता आणि मद्रास येथून आलेल्यांची संख्या मोठी होती, तथापि मुंबईहून निघालेली जहाजेही होतीच. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांच्या किनाऱ्यावरची, सातारकडची मराठी कुटुंबे त्यांतून आली. मुंबईच्या बंदरातून आलेले म्हणून बेटावर त्यांना 'बॉम्बे' असेच ओळखू लागले. सिग्नल माउंटनवरून निशाण चढून ह्या जहाजांची खबर शहराला मिळाली असेल, आणि त्यावेळी डेकवर उभ्या असलेल्या कोकणच्या माणसाने परक्या मुलुखाचा पहिला अवयव म्हणून हाच डोंगर पाहिला असेल. उतरल्यानंतरच्या दगडी पायऱ्या, जेथे त्याचे नाव नोंदीत चढे व मळेवाला त्याला घेऊन जाई, त्या आज 'आप्रवासी घाट' म्हणून जपल्या आहेत. २००६ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात स्थान दिले. त्या माणसांच्या वंशजांची गणेशचतुर्थी आज मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुटीचा दिवस आहे.

मजुरांच्या पाठोपाठ हिवतापही आला. १८६६ ते १८६८ ह्या काळात त्याने पोर्ट लुईत हजारो माणसे नेली. ज्यांना परवडत होते ते शहर सोडून थंड हवेच्या क्युरपीपच्या पठारावर गेले ते कायमचेच. राजधानीत कचेऱ्या, गोदी, दुकाने आणि गरीब माणसे एवढेच उरले. १८९२ सालच्या एप्रिलात एका दिवसाच्या वादळाने बेटावर हजाराहून अधिक बळी घेतले. ज्या शहराकडे ती मूर्ती पुढे पाहणार होती, ते शहर असे होते.

आता १९४० सालाकडे वळावयाचे. त्या वर्षाच्या जूनमध्ये फ्रान्स कोसळला. मॉरिशसच्या मळेवाल्या घराण्यांची भाषा, शिक्षण, नातीगोती सारी फ्रेंच. राजनिष्ठा मात्र इंग्लंडच्या राजाकडे गहाण. शेजारचे रेयूनियों बेट मार्शल पेतँच्या सरकारच्या पक्षाला गेले आणि १९४२ च्या नोव्हेंबरपर्यंत तेथेच राहिले. म्हणजे एका रात्रीच्या प्रवासावर असलेला सख्खा शेजारी शत्रुपक्षात जमा झाला. हिंदी महासागरात व्यापारी गलबतांचा वेष घेतलेली जर्मन लढाऊ जहाजे फिरू लागली होती. तांदूळ ब्रह्मदेशातून येई. तो थांबला तर बेट उपाशी पडणार हे सांगण्यास ज्योतिषी नको होता.

ह्या वर्षी पोर्ट लुईचे बिशप होते जेम्स लीन. हे आयर्लंडचे. इंग्रजांचे राज्य, फ्रेंच बोलणारा भाविकवर्ग, आणि ज्याचा स्वदेश ह्या युद्धात तटस्थ होता असा आयरिश धर्मगुरू, हा योग इतिहासालाच जुळविता येतो. त्यांनी लोकांना आवाहन केले की, मारियेचे एक स्मारक उभारून बेटाचे युद्धापासून रक्षण करण्याची प्रार्थना तिच्या चरणी करावी. 'शांतीची राणी' हे बिरुद त्यांनी स्वतः घडविलेले नव्हते. पहिले महायुद्ध ऐन भरात असता, १९१७ साली, पोप पंधरावे बेनेडिक्ट ह्यांनी लोरेटोच्या लितानीत हे नाव घालण्याची आज्ञा केली होती. एका महायुद्धात उच्चारलेली विनवणी दुसऱ्या महायुद्धात दगडात उतरली. स्मारकासाठी जागा निवडली ती सिग्नल माउंटनचा उतार. ज्या डोंगरावरून दीडशे-दोनशे वर्षे शत्रूच्या शिडांकडे टक लावून पाहिले गेले, तेथेच रक्षणकर्त्रीला उभे करणे हे लोकांच्या मनास पटले असल्यास नवल नाही.

ही प्रार्थना फळास आली काय? शब्दशः पाहिले तर आली. १९४२ च्या एप्रिलात जपानी विमानांनी सिलोनवर बाँब टाकले, मे महिन्यात मादागास्करच्या दिएगो स्वारेझ बंदरात जपानी पाणबुड्या शिरल्या, परंतु मॉरिशसवर शत्रूचे सैन्य उतरले नाही. ब्रह्मदेश पडला, तांदूळ खरोखरच थांबला, आणि लोकांना मका व मानिओक ह्या कंदावर दिवस काढावे लागले. परंतु शहर उभे राहिले. श्रद्धावंतांनी ह्याचे श्रेय कोणाला दिले हे सांगावयास नको.

मात्र त्याच वर्षांत बेटावर जे घडत होते तेही त्याच प्रार्थनेशेजारी मांडले पाहिजे. १९४० च्या डिसेंबरात, मूर्ती उभी राहिली त्याच वर्षी, दोन जहाजे सुमारे १,५८० ज्यू निर्वासितांना घेऊन पोर्ट लुईला आली. नाझींच्या तावडीतून निसटून ते पॅलेस्टाइनपर्यंत पोहोचले होते. ब्रिटिश सरकारने त्यांना तेथून हद्दपार करून येथे आणले आणि बो बासँच्या तुरुंगात ठेवले. १९४५ च्या ऑगस्टपर्यंत ते तेथेच होते. सुमारे सव्वाशे जण परत गेलेच नाहीत. त्यांच्या कबरी सेंत-मार्तँच्या स्मशानभूमीत आहेत. २७ सप्टेंबर १९४३ रोजी बेटाच्या उत्तर भागातील बेल व्यू हारेल येथे संपकरी ऊसमजुरांवर पोलिसांनी गोळीबार केला. चार जीव गेले. त्यांत एक लहान मुलगा होता, आणि अंजलाय कूपेन ही गरोदर स्त्री होती. शत्रूची एकही गोळी ज्या बेटावर पडली नाही, त्या बेटाच्या मातीत युद्धाच्या काळात सांडलेले हे रक्त होते. क्षितिजाकडे पाहणाऱ्या डोळ्यांना पाठीमागचे मळे दिसत नाहीत, असे म्हणावे तर ती मूर्तीची निंदा होईल. परंतु ज्यांनी तिला तेथे उभे केले त्यांची नजर त्या काळी समुद्राकडेच लागलेली होती, एवढे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

शांतीचा खरा प्रश्न पुढे पायऱ्यांच्या तळाशीच येऊन ठेपला. १९६७ सालच्या ऑगस्टातील निवडणुकीत स्वातंत्र्यवादी पक्ष जिंकले, परंतु शंभरांतील चव्वेचाळीस मते त्यांच्या विरुद्ध पडली, आणि त्यांत क्रिओल कॅथॉलिकांची मते फार मोठी होती. बहुसंख्य हिंदूंच्या राज्यात आपले काय होणार, ह्या शंकेने कित्येक कुटुंबांनी ऑस्ट्रेलियाची वाट धरली. १९६८ च्या जानेवारीत पोर्ट लुईत दंगल उसळली ती मात्र क्रिओल आणि मुसलमान ह्यांच्यात. कालपर्यंत एका नळावर पाणी भरणारी कुटुंबे एकमेकांच्या वस्तीतून पळाली. घरांची अदलाबदल झाली, आणि मिश्र आळ्या एकजिनसी झाल्या. ब्रिटिश पलटण सिंगापूरहून आणावी लागली. १२ मार्च रोजी शां द मार्सच्या घोडदौडीच्या मैदानावर, म्हणजे १८१२ पासून ज्या मैदानावर शहराची सारी जत्रा भरत आली तेथेच, नवे चाररंगी निशाण चढले. समारंभास येणारी राजघराण्यातील पाहुणी मात्र दंगलीच्या कारणाने आली नाही.

पुढच्याच वर्षी, १९६९ साली, बेटाला स्वतःच्या मातीतला पहिला बिशप मिळाला. झाँ मार्जेओ हे त्यांचे नाव. १९८८ मध्ये ते कार्डिनल झाले. १४ ऑक्टोबर १९८९ रोजी पोप दुसरे जॉन पॉल मॉरिशसला आले आणि त्यांनी मिस्सा अर्पण केली ती ह्याच उतारावर, शांतिराणीच्या पायांशी. दहा वर्षांपूर्वी, १९७९ साली, लावाल ह्याला 'धन्य' ही पदवी त्यांनीच दिली होती.

ह्या सोहळ्यानंतर दहा वर्षेही झाली नाहीत तोच शहर पुन्हा पेटले. मुक्त झालेल्या गुलामांचे वंशज बेटाच्या भरभराटीत मागेच राहिले, हे दुखणे १९९३ मध्ये एका क्रिओल धर्मगुरूनेच उघडपणे बोलून दाखविले होते. साखरेच्या जोडीस कापडाच्या गिरण्या आल्या, हॉटेले आली, बेटाचे कौतुक जगभर होऊ लागले. परंतु ज्यांच्या पूर्वजांना भरपाई मिळाली नव्हती त्यांच्या दारापर्यंत हे कौतुक पोहोचले नव्हते. २१ फेब्रुवारी १९९९ रोजी काया ह्या लोकप्रिय क्रिओल गायकाचा पोलिस कोठडीत मृत्यू झाला. काही तासांत जाळपोळ सुरू झाली, आणि ती जातीय दंगलीच्या उंबरठ्यावर येऊन ठेपली. त्या दिवसांत राष्ट्राध्यक्ष कासम उतीम आणि कार्डिनल मार्जेओ, एक मुसलमान व एक कॅथॉलिक, दोघेही बेटावर हिंडले, लोकांशी बोलले. चार दिवसांनी आग विझली. १९४० मध्ये जी शांती समुद्राच्या बाजूने मागितली गेली होती, ती ह्या वेळी दोन वयस्क माणसांना रस्त्यांतून पायांनी शोधावी लागली.

९ सप्टेंबर २०१९ रोजी, म्हणजे लावालच्या स्मृतिदिनी, पोप फ्रान्सिस मादागास्करहून एका दिवसाकरिता मॉरिशसला आले. सिग्नल माउंटनचा उतार सकाळपासून माणसांनी भरून गेला होता. ही संख्या लाखाच्या घरात होती असे त्यावेळी सांगण्यात आले.  मिस्सेतील प्रवचनात पोप बोलले लावालबद्दल, आणि काम न मिळालेल्या, उद्याचा भरवसा नसलेल्या तरुणांबद्दल. दुपारी ते शहर ओलांडून सेंत-क्रुआला गेले, समाधीपाशी त्यांनी प्रार्थना केली, आणि संध्याकाळी त्यांचे विमान पुन्हा मादागास्करकडे निघाले.